आमची तक्रार होती

त्या दिवशी खड्ड्यावर कोन कोन होते ते आधी सांगते. मागून दिल्लीत आमच्यावर बोलनं झालं, त्यात आमच्यातल्या एकाचंबी नाव कोनी घेतलं नाई, म्हनून. वर काठावर माझा नवरा किसन, क्रेनचा दोर धरनारा खलाशी. क्रेनवर करनैलसिंग सरदार. त्याच्या बाजूले मुकादम गुलाब, आमच्याच तिरोड्याकडचा. खाली खड्ड्यात आम्ही रेजा: मी सेवंता, फुलबासन, रामकली, सत्यम्मा, जानकी अन् बुडी भागरथी. रशियावाला साहेब त्या टाइमाले दुसऱ्या पायव्यावर गेला होता. ठेकेदार नव्हता. तो कधीच नसे. मामाजी म्हंजे माझे सासरे, ते झोपडीत होते, माझ्या लहान रघूपाशी.

दिवाळी अंकवाले पोरं आले, म्हनत आजी, भिलाईचा लोखंडाचा कारखाना बनला तवाचं तुमच्या कामाचं लिहून द्या. मी तिसरी शिकेल बाई. मी सांगत गेली, नात लिहत गेली. तिले म्हनलं, माझं बोलनं सुधरवू नोको.

रेजा म्हंजे काय ते आताच्या पोरींले माहीत नाई. बाप्या माणूस फावड्यानं सिमेंट-गिट्टीचा माल भरे, अन् बाई डोक्यावर घमेलं घेऊन वाहे, ती रेजा. डोक्यावर चिंध्याची चुंबळ, तिच्यावर घमेलं. भट्टीचा पायवा भराचा असला का आम्ही लाइनीनं उभ्या राहो, अन् एकीच्या हातून दुसरीच्या हाती घमेलं चाले. ढलाई, म्हंजे माल ओतनं, एकदा सुरू झाली का थांबवता येत नाई. अर्ध्यात थांबलं का खालचा माल गोठते, वरचा त्याले चिकटत नाई, मंग तो पायवा जन्मभर कच्चा. म्हनून दिवस बुडो का उगवो, पुरी भरल्याबिगर कोनी घरी जाय नाई. अंगावर पिते पोरं खाटेच्या झोळीत ठेवून बाया भरत. मी सांगते बाप्पा, आमच्या हातानं भरेल पायवे आजबी बसले नाई. वरची भट्टी दोनदा खोलून बांधली, पायवा तोच आहे.

त्या लाइनीचा एक कायदा होता. घमेलं सांडलं तर ज्याच्या हातातून सांडलं त्यानं सांगायचं, माझ्या हातून सांडलं. मंग मागची थांबे, तो माल उचलून बाजूले टाके, अन् लाइन पुन्हा चाले. कोनी लपवलं नाई पायजे, कावून का माती लागेल माल पायव्यात गेला तर तितकी जागा खराब. शिव्या पडत, पन लपवे नाई कोनी.

रशियावाल्या साहेबाले आम्ही लाल्यासाहेब म्हनो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याचं तोंड पळसावानी होऊन जाय. डोक्यावर गवताची टोपी, अन् उनात बी पायात मोठाले बूट. खड्ड्यात उतरून बुटाच्या टाचेनं माल दाबून पाहे. चांगला असला का म्हने, "खराशो." ते आमाले तोंडपाठ झालं. फुलबासन दुर्गाकडल्या गावची छत्तीसगढिन, तोंडाची लय तेज. कोनाचं पोट्टं रांगाले लागलं तरी ती म्हने, खराशो. एक दिवस लाल्यासाहेबानं आमची भाकर मांगतली. फुलबासननं त्याच्यावर टमाटर-मिरचीची चटनी ठेवून देल्ली. तो खाऊन गेला बिचारा, अन् डोळ्यातून धारा. फुलबासन म्हने, "हा तर पहिलेच लाल, याले तिखट लागलं ते वयखाव कसं?" तो बी हासला. नाई समजलं तरी हासला.

कामाले तो कडक होता. लोखंड उचलाची तार झिजेल दिसली का तिले लाल चिंधी बांधे. चिंधी बांधली का त्या तारेले कोनी हात लावायचा नाई, ती भंगारात गेली. मुकादमाले हे पटे नाई. नवी तार यायले टाइम लागे, काम थांबे, ठेकेदार बोंबले. पन साहेबापुढे कोन बोलते?

आता खलाशाचं काम सांगते. क्रेननं सळयांचा गठ्ठा उचलला का तो हवेत फिरते. फिरू नये म्हनून त्याले एक दोर बांधून खलाशी खालून धरून राहते. गठ्ठा जागेवर बसेपर्यंत दोर सोडायचा नाई. मुकादम जिथं उभं करीन तिथं उभं राहायचं. त्या दिवशी गुलाबनं किसनले काठावर उभं केलं. मी खालून पाहिलं. लाल्यासाहेबानं आदल्या दिवशी जी तार बाजूले टाकली होती, तीच लावेल होती. चिंधी नव्हती तिच्यावर. पन तारेवर रंगाचा एक पट्टा होता, म्हनून मी वयखली. मले वाटलं, पाहिली असंन कोनी, सुधरवली असंन. बाई माणूस, काय बोलाव?

गठ्ठा वर गेला अन् तारेतून कटकट आवाज आला. सरदार ओरडला. किसन दोर सोडून मागे पळू शकत होता, मागे मोकळी जागा होती. त्यानं दोर हाताले गुंडाळला अन् आपल्याकडे ओढला. गठ्ठा खड्ड्यात नाई पडला, काठावर पडला, किसनवर.

फुलबासन जन्मभर सांगत राहिली का भैयानं आम्हा सहाजनींले वाचवलं. मी तसं म्हनत नाई. खलाशी दोर सोडत नाई, त्याले तशी सवय लागेल होती. त्याच्या मनात काय होतं ते मले माहीत नाई, अन् जे माहीत नाई ते मी लिहून देत नाई. इतकं माहीत आहे का तो आपल्या जागेवर उभा होता, अन् जागा त्याले दाखवेल होती.

आमच्यात मयतीच्या घरी चूल पेटत नाई. शेजारी-पाजारी भाकर-वरन आनतात, पहिला घास आपल्या हातानं भरवतात. त्याले कडू घास म्हनतात. जो कडू घास आनते त्याले त्या घरात वाईट बोलायचं नाई, दुश्मन असला तरी नाई. घास गिळला का घरातला मोठा माणूस म्हनते, आमची कोनावर काई तक्रार नाई, देवाचं होतं, त्यानं नेलं. म्हनाच लागते ते. नाई तर मेलेल्याचा जीव अडकून राहते म्हनतात.

तिसऱ्या दिवशी लाल्यासाहेब आमच्या झोपडीत आला. संगं त्याचा दुभाष्याबाबू, ज्याले त्यांची भाषा ये अन् हिंदी ये. कोनीतरी साहेबाले सांगतलं असंन आमच्या रिवाजाचं. त्यानं एक मोठी पावरोटी आनली होती, अन् कागदात साखर. टोपी काढून तो जमिनीवर बसला. रोटी तोडून साखर लावून मामाजीच्या तोंडाजवळ नेली.  मामाजीनं तोंड उघडलं.

मंग तो बोलाले लागला. लय बोलला. दोन्ही हातानं तार दाखवे, मंग चिंधी बांधल्यावानी करे, मंग कोनी ती सोडून फेकली असं करे, अन् मूठ आपटे. मी भिंतीले टेकून पाहून राहिली होती, मले शब्द नाई समजला पन सगळं समजलं. दुभाष्याबाबूनं ऐकून घेतलं अन् आमाले इतकंच सांगतलं, "साहब को बहुत दुख है."

मामाजीनं हात जोडले अन् रिवाजाचं बोलले. "आमची कोनावर काई तक्रार नाई."

दुभाष्याबाबूनं ते साहेबाले सांगतलं. साहेब मामाजीकडे पाहतच राहिला. त्याले वाटलं असंन, कसे लोक आहेत हे.

थोड्या दिवसांनी लाल्यासाहेब आपल्या देशी चालला गेला. त्याची पाळी पुरी झाली होती म्हनत. आम्ही कामावर. पोटाले लागतेच ना. मी त्याच खड्ड्यात त्याच लाइनीत.

झोपड्यांच्या नाक्यावर पांडेची चायची टपरी होती. पांडे शिकेल होता, शिळा-ताजा जो पेपर भेटे तो मोठ्यानं वाचे. एक दिवस त्यानं मामाजीले हाक मारली, "बाबा, तुम्हारे किसन का दिल्ली में हुआ है." आम्ही दोघं गेलो. झालं असं का कोन्या पेपरात छापून आलं होतं, भिलाईत विदेशी साहेबाच्या चुकीनं मजूर मेला. ते धरून विरोधी पक्षाच्या एका खासदारानं संसदेत सवाल टाकला, हे खरं आहे काय म्हनून. अन् परराष्ट्रमंत्र्यानं उभं राहून उत्तर देल्लं.

मी पांडेले इचारलं, परराष्ट्रमंत्री म्हंजे कोन? तो म्हने, दुसऱ्या देशांशी जे दोस्ती-दुश्मनी असते ते पाहनारा. मी म्हनलं, मंग माझ्या मालकाचं त्याले कावून इचारलं? आम्ही तर तिरोड्याचे. पांडे म्हने, "मजदूर मरा तो लेबर का मंत्री बोलता, बाई. यहाँ विदेशी साहब का नाम आया ना, तो यह देश-देश की बात हो गई." अन् समजावून सांगतलं का संसद म्हंजे सगळ्या देशातून निवडून गेलेल्या लोकांची बैठक. तिथं मंत्री किती बी मोठा असो, सवाल आला का त्याले उठून जबाब द्या लागते. झूट बोलता येत नाई. मले ते बरं वाटलं. आमच्या लाइनीवानीच झालं ना, ज्याच्या हातून सांडलं त्यानं सांगायचं.

मंग त्यानं उत्तर वाचलं. विदेशी तज्ज्ञाची काई चूक नाई, असं मंत्री बोलला. ते खरंच होतं. दोन देशांची दोस्ती पक्की आहे, असं बोलला. ते बी असंन. त्याच्या मागून बोलला का तो मजूर स्वतःच्या गफलतीनं वजनाखाली आला, अन् त्याच्या घरच्यांची कोनाविरुद्ध काई तक्रार नाई.

मामाजीच्या हातात बशी होती चायची. त्यांनी ती खाली ठेवली. पांडेले म्हने, "आखरीचं पुन्हा वाच गा." त्यानं वाचलं. मामाजी म्हने, "हा शब्द माझा आहे. यानं कुठून घेतला?"

कुठून घेतला ते मी मागून समजली. झोपडीत मामाजी बोलले, दुभाष्यानं ऐकलं, त्यानं हापिसात सांगतलं, हापिसानं वर सांगतलं, वरून दिल्लीले गेलं, अन् मंत्र्याच्या हाती आलं. घमेल्यावानी हातोहात गेलं. तारेची गोष्ट, चिंधीची गोष्ट वाटंतच सांडली. पन या लाइनीत कोनी म्हनलं नाई का माझ्या हातून सांडलं. साहेबाले तर वाचवाचं होतं, दोस्ती होती. ठेकेदाराचं नाव कोन घेईन? मंग दोष ठेवाले जागा एकच राहिली. मेलेला माणूस उठून जबाब देत नाई.

त्याच्यानंतर आमचं जगनं कठीन झालं. कामावर नवे खलाशी भरती झाले का मुकादम त्याईले सांगे, नीट उभे राहा, त्या किसनवानी गफलत नोको. मी घमेलं घेऊन तिथूनच जाओ. माझा रघू शाळेतून आला का इचारे, बाबा कामावर झोपला होता काय?  मामाजी जेवाले बसले का घास हातात घेऊन बसून राहत. एकदाच मले म्हने, "सून, पोराले मी मारलं. तारेनं एकडाव मारलं, माझ्या शब्दानं पुन्हा." मी म्हनलं, असं नोका म्हनू मामाजी, तुम्ही रिवाजाचं बोलले. ते म्हने, "रिवाज दिल्लीले काय माहीत?"

तो खासदार दुर्गाले सभेसाठी आला. मामाजी अन् मी पायी दुर्ग गेलो. सभा सरेपर्यंत उनात बसलो, मंग लोकांच्या मधातून मामाजी त्याच्यापुढे उभे राहिले. खासदार भला दिसला, खुर्ची देल्ली बसाले. मामाजी बसले नाई. आपला शब्द परत घ्यायचा आहे म्हने, मंत्र्याले पुन्हा एकदा इचारा.

खासदार म्हने, "बाबा, सवाल लगा, जवाब आ गया. वही सवाल दुबारा नहीं लगता. और मैं खड़ा हुआ तो मंत्रीजी ने कहा, घरवालों को ही शिकायत नहीं है. मेरे पास बोलने को कुछ बचा ही नहीं. आपने ऐसा कहा क्यों?"

मामाजीले हिंदी समजे, बोलता कमी ये. ते मराठीतच बोलले. "मी मंत्र्याले नाई बोललो जी. घरी घास घेऊन आलेल्या माणसाले बोललो."

खासदारानं माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगतलं.  तो म्हने पाहतो, अन् मोटरीत बसला. त्याले मंत्र्याले पकडाचं होतं, ते काई जमलं नाई. किसन त्याच्यासाठी एक सवाल होता. मी त्याले दोष देत नाई. कोन्या दुसऱ्यानं तर तितकं बी इचारलं नव्हतं.

येवढ्यात पायव्यावर भट्टी उभी झाली. चालू करायच्या दिवशी त्या देशाचे पाहुने येनार होते अन् संगं तोच परराष्ट्रमंत्री. मामाजीले गेटच्या आत घेत नव्हते. मले पास होता, रेजा ना मी. सकाळी निघताना मामाजी म्हने, "सून, तो दिसला तर इतकंच सांग. माझ्या पोराची गफलत नव्हती. दुसरं काई मांगू नोको."

त्या दिवशी आमाले नवे लुगडे नेसाले देल्ले. सगळ्या बायांचे एका रंगाचे, हिरवे काठ. फुलबासन मिरवून म्हने, "देख दीदी, मैं मंत्रीन." सांजच्याले गेटवरच ते लुगडे काढून परत घेतले, अन् आम्ही आपल्या जुन्या पातळात घरी आलो. ते असो. आमाले रस्त्याच्या कडंनं उभं केलं, हातात फुलं. पाहुने आले, गोरे, लाल्यासाहेबावानी टोप्या घालेल. मधात मंत्री. पेपरात मोठा दिसे, जवळून थकेल माणूस होता, डोळ्याखाली सूज. आमच्यापुढे थांबला, हासून म्हने, "कहो बहनो, कोई तकलीफ?"

सगळ्या बाया हासल्या. नाई साहेब, म्हनाले लागल्या. मी लाइनीतून एक पाय पुढे टाकला.  मी म्हनलं, "साहेब, आपने दिल्ली में जिस मजदूर का बोला, मैं उसकी घरवाली. उसकी गफलत नहीं थी. तार घिसी हुई थी. उसको जहाँ खड़ा किया वहीं खड़ा था."

गुलाब मुकादम मागे होता, त्यानं माझा पदर ओढला. मंत्र्यानं त्याले हातानं थांबवलं. एक पाहुना आपल्या दुभाष्याले इचारत होता, बाई काय म्हनते. मंत्र्यानं दुभाष्याकडे पाहून मान हलवली, सांगू नोको अशी. मंग माझ्याकडे वाकला अन् हळूच म्हने, "बहन, वहाँ जो मुझे लिखकर दिया जाता है, मैं वही बोलता हूँ."

मी म्हनलं, "तो लिखके देनेवाले को कौन पूछता है?"

त्याले राग नाई आला.  तोंड असं झालं का मले वाटलं आता हा खरं बोलंन. मंग त्यानं हात जोडले, म्हने, "मैं देखूँगा," अन् पाहुन्यांच्या मागं निघून गेला. माझ्या हातातले फुलं तसेच राहिले.

घरी येऊन मामाजीले सांगतलं. ते उठून बसले. त्या दिवशी पोटभर जेवले. म्हने, मंत्री खुद बोलला ना पाहतो म्हनून, मंग आता तो तिथं उभं राहून सांगंन. रोज पांडेच्या टपरीवर जाऊन बसत. पांडे पेपर वाचे. संसदेत लढाईचं निंघे, धान्याचं निंघे, बाहेरच्या देशांचं निंघे. मंत्री उठून उत्तर दे. आमचं निंघे नाई. मामाजी इचारत, आज? पांडे मान हलवे. एक दिवस पांडेनंच त्याईले समजावलं. म्हने, "बाबा, मंत्री अपने से नहीं बोलता. कोई पूछे तब जवाब देता है. किसी ने पूछा नहीं." अन् इचारनारा तो खासदार निवडणुकीत पडला होता.

मामाजी पावसाळा सरता सरता गेले. बिमारी अशी काई नव्हती.

चूल बंद. शेजारचे भाकरी घेऊन आले. त्यांच्यात गुलाब मुकादम होता. वरन-भाताचं भांडं घेऊन तो खाली मान घालून बसला, घास कालवला अन् माझ्यापुढे धरला. आता घरात मोठी मीच होती. सगळे वाट पाहून राहिले होते मी कवा बोलते त्याची. मी घास घेतला. गिळला. पानी पिली. मंग म्हनलं, "गुलाबभाऊ, घास घेतला तुमचा. पन आमची तक्रार आहे."

बुडी भागरथी म्हने, "असं नोको म्हनू व सेवंते, बुढ्याचा जीव अडकंन." मी म्हनलं, "अडकेलच आहे तो."

गुलाबच्या हाताले भात लागेल होता, त्यानं धुतला बी नाई.  मंग सगळ्यांपुढे म्हने, "वहिनी, चिंधी म्या सोडली होती. ठेकेदार म्हने आजचा दिवस चालवून घे. किसनले बी म्याच उभं केलं होतं तिथं. तो म्हनला होता मले, भाऊ, तार पाहून घे. म्या म्हनलं, तू दोर पाह."

 मी म्हनलं, हे तुम्ही तवा कावून नाई सांगतलं? तो म्हने, "मले कोनी इचारलं नाई, वहिनी." मंग रडला. मी नाई रडली. मी त्याले पानी देल्लं. घरी आलेल्या माणसाले पानी द्याच लागते.

गुलाबबी गेला आता. पांडे गेला, फुलबासन गेली, सरदार पंजाबात गेला. तो मंत्रीबी गेला, म्हनून त्याचं नाव मी लिहू देल्लं नाई. माझा रघू कारखान्यात लागला, रिटायरबी झाला. त्याच्या बापाचं जे दिल्लीत बोलले ते तिथं तसंच आहे म्हनतात. नात म्हनते, आजी, तिथं बोलेल एक एक शब्द जपून ठेवतात, कधी पुसत नाई. आपल्या डोळ्यानं पाहिलं नाई मी, पन खरंच असंन.

कोनावर केस करा, कोनाले पकडा, असं माझं म्हननं नाई. दिल्लीवालं उत्तर बदलाची माझी ताकद नाई. वाचनाऱ्याले इतकंच मांगते. हे मनातल्या मनात वाचू नोका. मंत्री तोंडानं बोलला होता, चार लोकांच्या मधात. तुम्हीबी घरात चार लोकं असतीन तवा एकडाव तोंडानं म्हना, किसन खलाशी आपल्या जागेवर उभा होता, त्याची गफलत नव्हती.